आधी पॉइंट बघा, मग कार्बोरेटर खोला

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार झटके मारायला लागली की वर्षानुवर्षं एकच निदान ऐकू येतं: "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, खोलावा लागेल." कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. हे निदान बरेचदा चुकीचं असतं. कचरा येतो, नाही असं नाही. पण तसेच झटके इग्निशनमधूनही, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतूनही, येतात.

फरक गाडीच सांगते. पेट्रोल कमी पडलं तर घाट चढताना ताकद हळूहळू जाते, आणि थोडं थांबलं की फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) भरून गाडी पुन्हा ओढते. स्पार्क चुकला तर झटका एकदम बसतो, स्विच बंद-चालू केल्यासारखा. नक्की काय ते कळायला चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) अर्धा ओढून बघा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे: जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तुंबलाय, पंप कमी देतोय किंवा मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून हवा शिरतेय. काहीच फरक पडला नाही तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढा.

आत पॉइंट असतो, म्हणजे उघडझाप करून वीज तोडणारा संपर्क. त्याच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकाड दिसतंय का? गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवी. इंजिन फिरवताना पॉइंटमध्ये मोठी पिवळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या भागावर) संशय घ्या; तो स्वस्तात बदलता येतो. तो तसाच ठेवून चांगला चालणारा कार्बोरेटर खोलला आणि पितळी जेटमध्ये तार घातली, की भोक मोठं होतं, गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते आणि झटके तसेच राहतात. जेट साफ करायचाच असेल तर हवेच्या प्रेशरने फुंका, तार घालू नका.