पाकिटावरचा एबेक कुठून आला

म्हापशात पंपाचे नि मिक्सरचे बेअरिंग ठेवणाऱ्या दुकानात जाऊन ६०८ मागा, काउंटरवरचा माणूस एवढंच विचारेल, झेडझेड (दोन्हीकडे पत्र्याची झाकणं) देऊ की रबर सील? एबेक (बेअरिंगच्या मापाच्या अचूकतेचा वर्ग) किती हवं असं आजवर मला तरी कोणी विचारलेलं नाही. तेच माप, तेच बेअरिंग स्केटबोर्डच्या पाकिटात घालून ऑनलाइन आलं की त्यावर एबेक ५, एबेक ७, एबेक ९ असा ठळक आकडा असतो आणि पोरं (पोरांपेक्षा त्यांचे आईबाबा जास्त) तो आकडा बघून पैसे मोजतात. हा आकडा स्केटबोर्डसाठी काढलेलाच नव्हता, आणि तरी चाका-बेअरिंगच्या बाबतीत सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरूनच होतात.

फार जुनं थोडक्यात उरकतो. गाडीच्या आसात गोळ्या बसवायचं पेटंट वेल्समधलं, १७९४ चं. चार चाकांचं, तोल देऊन वळवता येणारं रोलर स्केट न्यूयॉर्कचं, १८६३. पॉलियुरेथेन जर्मनीत, १९३७. पन्नास-साठच्या दशकात कॅलिफोर्नियात सर्फिंगवाल्या पोरांनी रोलर स्केट मोडून चाकं फळीला ठोकली, आधी लोखंडाची आणि मग ज्यांना क्ले म्हणायचे ती, आणि क्ले म्हणजे काही कुंभाराची माती नव्हे, प्लास्टिक, कागद, अक्रोडाच्या कवचाचा भुगा असलं काहीतरी दाबून केलेलं चाक. लाकडी रिंकवर (स्केटिंगच्या बंदिस्त मैदानावर) ते मस्त चालायचं. रस्त्यावर मात्र एक खडा आडवा आला की चाक जागच्या जागी आणि वरचा माणूस पुढे. बेअरिंग पण सायकलच्या हबसारखं, वाटी, कोन नि सुट्या गोळ्या, कोन ढिला पडला की गोळ्या रस्त्यावर वेचत बसा. १९६५ च्या आसपास अमेरिकेत बऱ्याच शहरांनी स्केटबोर्डवर बंदी घातली आणि ती लाट तिथंच बसली.

मला खरी गोष्ट तिथून पुढची वाटते. १९७० मध्ये व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावातल्या एका कारखान्यात एका सर्फर पोराला रोलर स्केटसाठी केलेली युरेथेनची चाकं दिसली. रिंकवाल्यांना ती फार आवडत नव्हती, पकड जास्त आणि वेग कमी. रस्त्यावर नेमकं तेच हवं होतं. १९७३ पर्यंत ती चाकं कॅलिफोर्नियात विकली जायला लागली, आणि १९७५ च्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीनं चाकात तयार बंद बेअरिंग दाबून बसवलं. गोळ्या वेचायचं काम संपलं. पण एक नवीन काम सुरू झालं, ते म्हणजे बेअरिंग साफ करणं, कारण आधी बिघडलं की चार गोळ्या बदलल्या नि ग्रीस कोंबलं की झालं, आता आख्खा बंद डबा उघडायचा की फेकायचा हे ठरवायला लागलं.

चाकांचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात साठ-सत्तर मिलीमीटरची मऊ चाकं, नव्वदीच्या सुरुवातीला फॅशन अशी फिरली की लोक ४० मिलीमीटरच्या कडक गोट्यांवर फिरायला लागले, मग गाडी परत ५०-५४ वर येऊन थांबली. कडकपणा ड्युरोमीटरनं मोजतात, ७८ए म्हणजे मऊ, ९९ए म्हणजे कडक. ए स्केल शंभराजवळ गेली की तिला फरक नीट कळत नाही म्हणून काही जण बी स्केलवर ८३, ८४ असं छापतात आणि गिऱ्हाईक समजतं ८४ म्हणजे मऊ! ते खरं तर दगड असतं. आमच्याकडचा हॉटमिक्सचा रस्ता नवा असतो तोवर ९९ए चालतं, एक पावसाळा गेला की खडी वर येते आणि मग दात वाजतात. म्हणून इथं ७८ ते ८७ मधलं काहीतरी घालणारे जास्त. चाक कधी बदलायचं यावर वाद नाही, ब्रेक मारून मारून सपाट जागा पडली नि चालताना टकटक यायला लागली की बदला, एका बाजूनं शंकूसारखं झिजत असेल तर त्याच्या आधी उलटून बसवा, पुढचं उजवं मागच्या डाव्याला असं तिरकं फिरवा.

आता एबेक. ही अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादकांच्या एका इंजिनिअरिंग कमिटीच्या नावाची आद्याक्षरं. त्यांनी मापाच्या अचूकतेचे वर्ग पाडले, १, ३, ५, ७, ९. आतल्या भोकाचं माप किती इकडे-तिकडे चालेल, कडी फिरताना किती डुलली तर चालेल, एवढंच त्यात येतं. ६०८ चं भोक ८ मिलीमीटर, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. (नंबरातच सगळं आहे, पहिला ६ खोल खाचेचं बॉल बेअरिंग, मधला शून्य हलकी सिरीज, शेवटचा ८ म्हणजे सरळ भोक.) एबेक १ मध्ये हे भोक ८ मायक्रॉननं लहान असलं तरी पास, एबेक ७ मध्ये ४ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. आणि आपल्या ट्रकचा (फळीखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याचा) ॲक्सल किती? बहुतेक ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलीमीटर. म्हणजे ॲक्सल नि बेअरिंगच्या मधेच साठेक मायक्रॉनची फट मोकळी पडलेली, आणि आपण चार मायक्रॉनसाठी दुप्पट पैसे देतोय. बाहेरून तर बेअरिंग युरेथेनमध्ये दाबलेलं, जे बोटानं दाबलं तर दबतं!

वेगाचं पण तेच. ५२ मिलीमीटरचं चाक ताशी २० किलोमीटरनं जाताना मिनिटाला दोन हजारांच्या थोडं वर फेरे मारतं. साधं ग्रीसवालं ६०८ तीस हजारांच्या पुढे झेपतं. हे वर्ग मशीनच्या स्पिंडलसारख्या कामासाठी, जिथं बेअरिंग तासन्‌तास भन्नाट वेगात एका जागी फिरतं. स्केटबोर्डवर त्याच्या नशिबात उड्या, आडवा मार आणि धूळ, आणि या तिन्हीबद्दल एबेक अवाक्षर काढत नाही. गोळ्यांचा पृष्ठभाग किती गुळगुळीत, आत ढिलाई किती, गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा कसला, तेल कुठलं, पोलाद कुठलं, काही नाही.

मग हा आकडा पाकिटावर आला कसा? माझ्या मते गरजेपोटी. नव्वदीत इनलाइन (एका रांगेत चाकं असलेल्या) स्केटची लाट आली, तेच ६०८, बाजारात ढिगानं माल, आणि दुकानात दोन सारख्या डब्यांपैकी महाग कुठला हे गिऱ्हाईकाला पटवायला काहीतरी आकडा लागतो. एका अमेरिकन कंपनीनं हे नाकारलं, आपल्या बेअरिंगवर एबेक छापायचंच नाही असं ठरवून स्वतःचंच 'स्केट रेटेड' असं बिरुद लावलं. यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो निदान मोजता येण्यासारखं काहीतरी होतं, तुमचं बिरुद तर तुम्हीच तुम्हाला दिलेलं. दुसरा म्हणतो चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. खरं सांगायचं तर पहिल्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण मी दुसऱ्या बाजूचा, कारण मी स्वतः एकदा एबेक ११ लिहिलेलं पाकीट हौसेनं मागवलेलं आहे. ९ च्या वर वर्गच नाही हे मला नंतर कळलं.

गोव्यात बोर्ड आले ते मुख्यतः हणजूण-हरमलच्या पट्ट्यात येणाऱ्या विदेशी लोकांबरोबर, जाताना कोणी विकून जायचं, कोणी असंच देऊन. बोर्डाबरोबर त्यांचे सल्लेही आले, आणि ते सगळे कोरड्या हवेतले. शील्ड, म्हणजे ती पत्र्याची झाकणं, काढून उघडी ठेव, जास्त पळतं. पातळ तेल दोन थेंब, ग्रीस नको. कॅलिफोर्नियात ठीक आहे हो, इथं वर्षाला तीनेक हजार मिलीमीटर पाऊस, वर खारी हवा, खाली किनाऱ्याजवळ वाळू आणि आत डिचोली-सत्तरीकडे ती तांबडी धूळ जी कपड्यातून जात नाही ती गोळ्यांच्या खाचेतून काय जाणार. बेअरिंगचं पोलाद म्हणजे एक टक्का कार्बन नि दीड टक्का क्रोमियम, गंज धरायला रात्रभर ओलं राहिलं तरी पुरतं. म्हणून सिरॅमिक घेतलं तर गंजत नाही म्हणतात, पण बहुतेकांत गोळ्याच सिरॅमिकच्या असतात, कड्या त्याच पोलादाच्या. कड्या गंजल्या की महागड्या गोळ्या त्या गंजावरच फिरतात.

गंज सोडवायचा तो सुप्रसिद्ध स्प्रे मारला की बेअरिंग दोन दिवस पळतं, हे पण तिकडूनच आलेलं. तो स्प्रे १९५३ मध्ये सॅन दिएगोत पाणी हटवायला केलेला, आतलं ग्रीस धुऊन काढायचं काम तो चोख करतो आणि मागे जे उरतं ते वंगण म्हणून फार टिकत नाही. धुवायला ठीक, पण त्यावर नंतर शिलाई मशीनचं तेल तरी घाला. थिनर वापरत असाल तर रबरी सील आधी बाजूला काढा, फुगतात. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय, दोन्हीकडे रबर सील, आत ग्रीस, पहिला आठवडा जरा जड चालतं, चालू दे.

मे संपत आला, घरात पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) मिरच्या नि सोलं बरण्यांत भरायला घेतली की मी पण बोर्ड उलटा करतो. १३ चा पाना लावून नट काढायचा, बेअरिंग ॲक्सलच्या टोकावर अडकवून चाक तिरकं पिळलं की बाहेर येतं, वेगळं हत्यार लागत नाही. आठही बेअरिंग पुसून, तेलात बुडवून, झाकणाच्या डब्यात. डब्यावर मी मार्करनं मोठ्ठं 'तेल, खायचं नाही' असं लिहून ठेवलंय, कारण पहिल्या वर्षी तो सोलांच्या बरणीशेजारी ठेवला होता आणि आईनं वास घेऊन बघितला होता.