मुंबईची उघाडी

जून उजाडला की वाहिन्यांवर एक ठरलेली पट्टी फिरायला लागते: ‘आज दुपारी समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार!’ मग गावाकडून फोन येतात, मुलांना लवकर घरी बोलावलं जातं, आणि काही उत्साही मंडळी लाट बघायला मरीन ड्राइव्हवर गर्दी करतात. ती ४.८ मीटरची लाट मात्र कुणालाच दिसत नाही, कारण ती लाट नसतेच. ती असते भरतीच्या पाण्याची पातळी, आणि तीही समुद्राच्या नेहमीच्या सरासरी पातळीपासून मोजलेली नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक ज्या शून्यापासून मोजतात, तो शून्य अगदी खोल ओहोटीच्या आसपास धरलेला असतो, म्हणजे गलबताच्या तळाला खडक लागू नये. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही सरासरीपेक्षा जेमतेम सव्वादोन मीटर वर. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा वेगळ्या, त्या या पाण्याच्या पाठीवर बसून येतात.

मग घाबरायचं कारण नाही का? आहे, पण ते मीटरमध्ये नाही, तासांमध्ये आहे. हे मला शाळेत कळलं नाही, आजोळी कळलं.

माझं आजोळ धरमतरच्या खाडीकाठचं, खारेपाटातलं. पेण-अलिबागच्या या पट्ट्यात भाताची कितीतरी शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये चिखलमातीचा बांध, आणि त्या बांधात जागोजागी उघाडी. उघाडी म्हणजे बांधातून आरपार जाणारी मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडावर झडप, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली. ना मोटर, ना माणूस. ओहोटी लागली, खाडीचं पाणी उतरलं, की शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीचं पाणी तीच झडप चौकटीवर दाबून धरतं. मीटरभर रुंदीच्या झडपेला खाडीकडून दीड मीटर पाणी आणि शेताकडून एक मीटर पाणी असेल, तर फरकाचा दाब सव्वासहाशे किलोच्या वजनाएवढा भरतो. आठ-दहा माणसांनी मिळून झडपेला पाठ लावावी, तसा.

मामा म्हणायचा, “पाऊस कितीव परूं दे, ओहटी लागली का पानी जातंय.” आणि ओहोटी कधी लागणार? तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे-मागे भरपूर भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळाशिवाय एवढं पुरे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि एक तिथी जवळपास एक दिवसाची असते, त्यामुळे हा पाऊणतासाचा हिशेब जुळतो.

बांध फुटून खांड पडली की गावात दोन पक्ष व्हायचे. एक म्हणायचा, बांधाला कोंबडं दिलं नाही. दुसरा खाली वाकून खेकड्यांची बिळं बघायचा. कोंबडं दरवर्षी दिलं जायचं आणि खांडही जवळजवळ दरवर्षी पडायची. बीळ सापडून बुजवलं, तिथे मात्र पुन्हा पडलेली मला आठवत नाही.

आता मुंबईकडे येऊ. हे शहर सात बेटांमधली खाजणं (भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदली) आणि समुद्र भरून तयार झालं, एवढं पाठ्यपुस्तकात असतं. भराव सगळीकडे सारखा उंच झाला नाही, हे मात्र नसतं. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून भरतीचं पाणी आत घुसायचं. ती खिंड १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधाने अडवली. बांधाआड भायखळा, ताडदेव, मुंबई सेंट्रलच्या बाजूला जी जमीन कोरडी झाली, ती उधाणाच्या पातळीखालचीच होती. थोडक्यात, मुंबईचा मधला भाग म्हणजे एक मोठा खारेपाट, फक्त भाताऐवजी त्यावर चाळी, गिरण्या आणि आता टॉवर उगवले.

या शहरातलं पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. म्हणजे मोठी भरती आली की १८० मुखांतून पाणी बाहेर पडणं थांबतं किंवा उलटं आत येतं.

इथे थोडं गणित, आणि माझ्या आवडीचं. समुद्राची पातळी सरळ रेषेत चढत-उतरत नाही. झोपाळा टोकाला जाऊन रेंगाळतो आणि मध्ये सुसाट जातो, तशीच भरती वरच्या टोकाला रेंगाळते. समजा उधाणाच्या दिवशी भरती ४.८ मीटर, ओहोटी ०.८ मीटर. मधली पातळी २.८, तिच्या वर-खाली दोन-दोन मीटरचा झोका. पूर्ण झोक्याला १२ तास २५ मिनिटं, त्याला ३६० अंश म्हणू. एका नाल्याचं मुख ३.८ मीटरवर आहे. पाणी त्याच्या वर असतं तो काळ म्हणजे ज्या कोनांची कोज्या ०.५ पेक्षा जास्त आहे तो: भरतीच्या अलीकडे ६० अंश आणि पलीकडे ६०. एकूण १२० अंश, म्हणजे झोक्याचा तिसरा हिस्सा, ४ तास ८ मिनिटं. तेवढा वेळ मुख बंद.

आता समुद्राची पातळी २० सेंटिमीटरने वाढवा. कोज्याची सीमा ०.५ वरून ०.४ वर येते, कोन ६० वरून साधारण ६६.४ अंशांवर जातो, आणि बंद काळ होतो ४ तास ३५ मिनिटं. म्हणजे वीतभर वाढीने दर भरतीला २७ मिनिटं जास्त. (कोज्या शाळेतच सोडून आलेल्यांनी शेवटचा आकडा तेवढा घ्यावा.) सध्या जगभरची सरासरी वाढ वर्षाला ३ ते ४ मिलिमीटर आहे, तेव्हा हे २० सेंटिमीटर व्हायला पन्नासेक वर्षं लागतील. ‘२०५० मध्ये मुंबई बुडणार’ असं सांगत २०१९ साली एक नकाशा मोबाइलवर फिरला होता. त्यात भरतीच्या पातळीखालची जमीन रंगवलेली होती, बांध आणि झडपा धरलेल्या नव्हत्या. त्या रंगात माझं आजोळ कधीच बुडालेलं आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकतोय.

मग त्या चार तासांत पडलेलं पाणी जातं कुठे? खरा प्रश्न हा. तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरला तर चार तासांत १०० मिलिमीटर. खारेपाटात ते शेतातच साठतं, दहा सेंटिमीटरने पातळी वाढते, भात ते सहज सोसतो. एक एकर शेतात फूटभर पाणी राहिलं तर ते १२ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर. शहरात ते जिरत नाही, साठायला जागा नाही, म्हणून उतारावरून सगळ्यात खोल जागी जमतं. एकूण जमिनीच्या दहाव्या हिश्श्यात ते गोळा झालं, तर तिथे १०० मिलिमीटरचं १ मीटर होतं. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या दादरच्या या चौकालाच आपण हिंदमाता म्हणतो.

इंग्रजांनी नाले बांधले ते तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल असं धरून. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० मिलिमीटर धरायला आणि मुरणं सोडून द्यायला सांगितलं. म्हणजे नाल्याची गरज चौपट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एका तासात तर १९० च्या वर. कुलाब्याला त्याच दिवशी ७५ मिलिमीटरही नाही. भरती दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी, ४.४८ मीटर. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, उधाण ओसरत आलेलं. तरी पाऊस आणि बंद मुखं एकाच वेळी आली.

त्यानंतर हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे ठिकाणी उदंचन केंद्रं झाली. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर उपसतो. छान. पण एक चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला सुमारे १४,००० लिटर. दोन पंप एका चौरस किलोमीटरला अपुरे. म्हणून २०२१ पासून हिंदमातासाठी बागेखाली आणि मैदानाखाली टाक्या बांधल्या. शेवटी शेताची आठवण झालीच, फक्त ती काँक्रीटची करावी लागली. नवी मुंबई वसवताना सिडकोने हे आधीच ओळखलं होतं. वाशी, बेलापूर भागातले धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धरून ठेवणारे तलाव, हे झडपा लावलेली खाजणंच. त्यांत आता गाळ भरलाय, गाळात कांदळवन वाढलंय, आणि कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी.

हे सगळं आता आठवायचं कारण, अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून उरण, पनवेल, पेणच्या बाजूला ‘तिसरी मुंबई’ हा शब्द रोज ऐकू येतो. जमिनीला भाव आलाय, मामाच्या शेजारच्या पोरांना काम मिळतंय, आणि दीड तासाची वाट वीस-पंचवीस मिनिटांवर आली याचा आनंद मलाही आहे. खाजणात मुरुमाच्या गाड्या ओतल्या जाताना दिसतात. भराव घातलेला प्लॉट कोरडा राहतो, पाणी शेजाऱ्याकडे जातं. इमारतींच्या जाहिरातीत कितवा मजला, किती गाड्यांची जागा, समुद्र दिसतो का, सगळं असतं. नाल्याचं मुख किती मीटरवर आहे, ते भरतीत किती तास बंद राहणार, आणि तेवढ्या वेळेचं पाणी कुठे थांबणार, हे मी अजून एकाही पत्रकावर वाचलेलं नाही.

गेल्या आषाढात अमावास्येला मामाबरोबर उघाडीवर गेलो होतो. जुनी लाकडी झडप जाऊन लोखंडी आलीय. भरती भरत आली तशी ती चौकटीकडे सरकली आणि तळहातभर अंतरावर अडली. फटीत पाण्याची एक रिकामी बाटली चेपून बसली होती. तेवढ्या फटीतून खाडीचं गढूळ पाणी शेतात शिरत होतं. मामाने बांबू आणला, दोनदा कोचलं, तिसऱ्यांदा बाटली सुटली, आणि झडप ‘धप्‌’ करून बसली.