नोट्सची ऑनलाइन देवाणघेवाण (नागपूर)

अभ्यासाची टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्या आणि संदर्भसाहित्य विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून एकमेकांना विनामूल्य पुरवण्याची प्रथा. देणारा आणि घेणारा दोघेही शिकणारे असणे हे तिचे मुख्य लक्षण. शिक्षकाने वा संस्थेने दिलेले साहित्य तिच्यात काटेकोर अर्थाने मोडत नाही. नागपुरात या प्रथेला स्वतंत्र नाव नाही. ‘युनिट थ्रीच्या नोट्स आहेत का बे कोणाजवळ?’ अशी विचारणा समूहात येते आणि कोणीतरी पीडीएफ टाकतो, एवढ्यावरच ती चालते.

उगमाविषयी एकमत नाही. मुक्त शैक्षणिक साहित्याच्या इतिहासात तीन टप्पे सांगितले जातात : डेव्हिड वाइली यांनी १९९८ मध्ये मांडलेली ‘ओपन कंटेंट’ ही कल्पना, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची २००१ मध्ये केलेली घोषणा, आणि २००२ मध्ये पॅरिस येथील युनेस्कोच्या परिषदेत रूढ झालेली ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा. भारतातील एनपीटीईएल हा आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा व्याख्यानप्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. मात्र या सर्व धारांत साहित्य वरून खाली येते, संस्थेकडून विद्यार्थ्याकडे. विद्यार्थ्यांच्या आपसांतील व्यवहाराचे मूळ त्यांत शोधणे फारसे सयुक्तिक वाटत नाही. ते झेरॉक्सच्या दुकानात शोधणे अधिक योग्य ठरेल. सीनियरच्या वहीची एक प्रत महाविद्यालयाजवळच्या दुकानात ठेवायची, पुढच्या वर्गाने तीवरून प्रती काढायच्या, ही रीत छायाप्रतीची यंत्रे सर्वत्र झाल्यावर, बहुधा १९८० च्या दशकापासून, रुळली असावी. सीताबर्डीवर जुनी पुस्तके विकून पुढच्या वर्षाची घेण्याची सवयही याच कुळातली. पुढे वहीची जागा फाइलने घेतली. ‘सीनियरच्या नोट्स’ हा शब्दप्रयोग मात्र तसाच टिकला. ऑर्कुटवरील समूह (२००४ ते २०१४) आणि ईमेलचे वर्गसमूह हा मधला टप्पा मानता येईल. व्हॉट्सॲपवर २०१६ मध्ये पीडीएफ पाठवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला. त्यानंतर ही प्रथा सार्वत्रिक झाली.

प्रथेचा विस्तार इंटरनेटच्या नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या सीमांनी ठरतो, ही बाब अनेकदा नजरेआड होते. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्यातून १९८३ मध्ये अमरावती, तर २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे उरले आहेत. सीनियरने काढलेल्या ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी याच चार जिल्ह्यांत कामाची ठरते. अमरावतीच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग थोडा. याउलट वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे (स्थापना १९९८) गेल्याने नागपूरच्या मेडिकलमधील टिपणे मुंबई-पुण्यातही चालतात. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा (मूळ महाविद्यालय १९६०, राष्ट्रीय दर्जा २००२) अभ्यासक्रम स्वतःचा असल्याने तेथील साहित्य बहुतांशी संस्थेच्या आवारातच फिरते. स्पर्धापरीक्षांचा अभ्यासक्रम राज्यभर एकच असतो. म्हणून शहरातील अभ्यासिकांत बसणारी मुले राज्यव्यापी टेलिग्राम वाहिन्यांवर अधिक विसंबतात. अभ्यासक्रम बदलला की साहित्य एका रात्रीत जुने होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या फेररचनेत आणि राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर हेच घडले. म्हणून फाइलच्या नावात विषयाबरोबर वर्ष आणि अभ्यासक्रमाची आवृत्ती लिहिणे हा मागाहून येणाऱ्यावर केलेला मोठा उपकार असतो. हे फार थोडे जण करतात.

साधने नेहमीचीच आहेत. व्हॉट्सॲप समूहाची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ होती, २०२२ मध्ये ती १०२४ झाली; त्यामुळे तो वर्गापुरता किंवा शाखेपुरता राहतो. टेलिग्राम समूहात दोन लाखांपर्यंत सदस्य मावतात आणि जुनी फाइल शोधता येते. गूगल ड्राइव्हचा एखादा फोल्डर एका तुकडीकडून दुसरीकडे वारशासारखा जातो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपुढील खरी अडचण लिपीची आहे. मराठी टंकलेखनात कृतिदेव व श्रीलिपी यांसारखे फाँट दीर्घकाळ वापरात होते व काही ठिकाणी अजूनही आहेत. या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाँट नसलेल्या मोबाइलवर कृतिदेवमधील ‘नागपूर’ हा शब्द यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशा सहा रोमन अक्षरांची निरर्थक ओळ होऊन दिसतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ऱ्हस्व वेलांटीपाशी ती अडखळतात. कृतिदेवमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी नोंदली जाते, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) व्यंजनानंतर. रफाराचा क्रमही असाच उलटतो. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत होता. तरीही युनिकोड वापरल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात. त्यामुळे ‘दुसऱ्या सत्राच्या नोट्स’ असे शोधल्यावर समोर असलेली फाइलही कधीकधी सापडत नाही. हस्तलिखिताच्या मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत तर शोधण्याजोगा मजकूरच नसतो, आणि देवाणघेवाणीत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. नागपुरात येऊन शिकणारी पूर्व विदर्भातील खेड्यांची मुले प्रामुख्याने मराठीतून लिहितात. म्हणून हा केवळ तांत्रिक दोष मानून सोडून देता येत नाही.

कायद्याची बाजू १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात आहे. कलम ५२ नुसार खाजगी अभ्यासासाठी न्याय्य वापर, तसेच अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतिकृती हा भंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतीच्या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने अध्यापनासाठीच्या प्रतींना मुभा असल्याचे तत्त्व उचलून धरले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. या निकालाचा आधार पुष्कळदा गरजेपेक्षा सैल घेतला जातो. वाद वर्गाच्या वाचनसंचातील निवडक भागांच्या कागदी प्रतींचा होता. संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ हजारोंच्या वाहिनीवर टाकणे त्यात येत नाही, असा सावध अर्थ लावणे बरे. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या टिपणांवर लिहिणाऱ्याचाच हक्क असतो. कोचिंग वर्गाचे छापील संच परस्पर वाटणे हा वेगळा विषय. प्रश्नपत्रिकाही वाङ्मयीन कृती ठरतात, हे इंग्लंडमध्ये १९१६ पासून आणि भारतात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १९६७ मधील निर्णयापासून मानले गेले आहे. प्रत्यक्षात जुन्या प्रश्नपत्रिका सर्वत्र फिरतात.

लेखकाने आधीच परवानगी देऊन ठेवण्याची सोय क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनी २००२ मध्ये उपलब्ध केली. टिपणाच्या पहिल्या पानावर नाव, वर्ष आणि ‘श्रेय देऊन वापरावे’ अशी परवान्याची ओळ लिहिली की पुढच्या तुकडीला ते सुधारता येते, वाढवता येते. नागपुरातील विद्यार्थ्यांच्या नोट्सवर अशी ओळ क्वचितच दिसते. बहुतेक फाइली निनावी फिरतात आणि त्यांतील चुका वर्षानुवर्षे तशाच उतरत जातात. शालेय पातळीवर बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात अधिकृतपणे विनामूल्य मिळतात. त्यामुळे तेथे विद्यार्थ्यांच्या आपसांतील देवाणघेवाणीचा भर स्वाध्यायांच्या उत्तरांवर असतो.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने वाचनसुलभ प्रती करण्याची मुभा आली. याच हेतूने झालेला २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये पहिला देश ठरला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी साधने मराठी युनिकोड वाचतात. कृतिदेवमधील मजकूर त्यांना रोमन अक्षरांसारखा भासतो, तर वहीच्या छायाचित्रात त्यांना वाचण्याजोगे काही सापडतच नाही. एखाद्या वर्गमित्राने हीच टिपणे युनिकोडमध्ये टंकून समूहात टाकली, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती त्याच दिवशी ऐकता येतात.