मेंढा (लेखा): हक्काच्या आधी झालेला अभ्यास

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावात एक पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते. पुस्तिका होती 'टीपी बुक', म्हणजे वाहतूक परवान्यांची वही. जंगलातला माल ट्रकमध्ये भरून बाहेर काढायचा तर या वहीतलं एक पान भरून, फाडून गाडीबरोबर द्यावं लागतं. ते पान नसेल तर गाडी पहिल्याच नाक्यावर अडते. बांबूसाठी ही वही तोवर फक्त वन खात्याच्या हातात असायची. देशात पहिल्यांदाच ती एका गावाच्या हातात आली.

मेंढ्याची गोष्ट बहुतेक वेळा या दिवसापासून सांगितली जाते. पण वही हातात आल्यावर जंगल कसं राखायचं, बांबू किती तोडायचा, किती ठेवायचा, हे गावाला त्या दिवशी शिकायचं नव्हतं. ते शिक्षण २० वर्षांहून अधिक काळ चालू होतं, आणि ही पार्श्वभूमी मुख्यतः त्या शिक्षणाची आहे.

धानोरा तालुक्यातलं हे गाव. घरं शंभरच्या आसपास, वस्ती गोंड आदिवासींची, घरातली बोली गोंडी. लेखा हे शेजारचं गाव; म्हणून मेंढा (लेखा). गावाभोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), आवळा आणि भरपूर बांबू. जमीनदारीच्या काळापासून या जंगलावर गावाचे निस्तार हक्क होते. घराला लागणारं लाकूड, जळण, कुंपणाचा बांबू, गुरांना चराई या रोजच्या गरजा म्हणजे निस्तार. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांतातली जमीनदारी गेली आणि ही जंगलं सरकारच्या ताब्यात आली. निस्ताराची नोंद कागदावर उरली, पण व्यवहारात गावकऱ्याला आपल्याच रानात चोरासारखं वावरावं लागे. त्याच रानातला बांबू मात्र दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्यांना जात होता. गडचिरोलीतल्या जंगलाच्या कुठल्याही चर्चेत ही विषमता पहिल्यांदा मांडायला हवी, नाहीतर पुढचं काहीच नीट कळत नाही.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम् आणि इंचमपल्ली ही दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. आदिवासींची गावं आणि प्रचंड जंगल बुडणार होतं. आदिवासी नेते लालश्याम शहा आणि बाबा आमटे यांच्या पुढाकारानं 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं आणि धरणं बारगळली. या आंदोलनानं जिल्ह्याला आणखी एक घोषणा दिली: 'मावा नाटे, मावा राज'. आमच्या गावात आमचं राज्य. घोषणा सगळ्यांना पाठ झाली. पण असं राज्य चालवायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

जयप्रकाश नारायण यांच्या संपूर्ण क्रांतीच्या चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल या प्रश्नाच्या मागे लागले. 'वृक्षमित्र' या चंद्रपूरच्या संस्थेतर्फे लोक आणि जंगल यांचा अभ्यास करायचा, तर त्यासाठी त्यांना असं गाव हवं होतं, जिथं निर्णय सर्वांच्या संमतीनं होतात. शोधता शोधता ते मेंढ्याला पोचले. गावात पुढाकार घेणारे गावकरी देवाजी तोफा होते. या दोघांची नावं पुढं कायमची जोडली गेली, पण देवाजी स्वतः नेहमी गावाचंच नाव पुढं करतात. इथूनच ती प्रसिद्ध घोषणा आली: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

मेंढ्यानं दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात कुणीही बसावं. गावातला म्हातारा, बाहेरून आलेला शास्त्रज्ञ, एखादा वन अधिकारी, शाळा सोडलेला पोरगा. तिथं माहिती मांडायची, वाद घालायचा, कायदा वाचायचा, झाडं मोजायची. निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथं फक्त गावकरी. प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष यावा असा रिवाज. मतदान नाही, बहुमत नाही. एकानं जरी 'नाही' म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीला जातो, आणि त्या 'नाही'मागचं कारण पुन्हा अभ्यास गटात येतं.

बाहेरच्या माणसाला ही पद्धत फार संथ वाटते. मला मात्र मेंढ्याची सगळी ताकद याच संथपणात दिसते. जंगल तोडायचा निर्णय घाईत होतो, राखायचा होत नाही. शिवाय ज्या नियमाला बाईनं आणि गड्यानं, गरिबानं आणि त्यातल्या त्यात सुखवस्तू माणसानं, सगळ्यांनी मान डोलावलेली असते, तो पाळून घ्यायला चौकीदार लागत नाही. दारूबंदीचं तसंच झालं. बायकांनी विषय लावून धरला, चर्चा लांबली, पण एकदा सगळ्यांचं ठरल्यावर ते ठरलं.

अभ्यास गटात काय शिकलं जातं याचं एक उदाहरण मधाचं. आग्या मोहोळ उंच झाडाला लटकतं. मध काढायची जुनी रीत म्हणजे पेटता पलिता घेऊन वर चढायचं, माश्या जाळायच्या, उरलेल्या पळाल्या की अख्खं पोळं उतरवायचं. मध मिळायचा, मोहोळ संपायचं. कधी पलित्याची ठिणगी खाली पाल्यात पडून रान पेटायचं. गावानं मधमाशीवर अभ्यास गट चालवला. पोळ्याचा कोणता भाग मधाचा, कोणता अंड्या-अळ्यांचा, माश्या कुठून कुठं जातात, कोणत्या फुलोऱ्यावर येतात, हे पाहिलं गेलं. मध साठतो तो पोळ्याच्या वरच्या, एका बाजूच्या फुगीर भागात. अंगभर जाड कपडे घालून तेवढाच भाग कापून घेतला आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवला, तर माश्या तेच पोळं पुन्हा भरतात. मध गाळावा लागत नाही, त्यात मेलेल्या अळ्या नसतात, आणि पुढच्या खेपेला मोहोळ जागेवर असतं. अहिंसक मध संकलन म्हणून जी पद्धत पुढं विदर्भात पसरली, तिच्या मुळाशी या गावातली चर्चाही आहे. निसर्गशिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

घोटुलाची गोष्टही याच काळातली. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं एकत्र जमायचं, शिकायचं, गाण्या-नाचाचं घर. ते मोडकळीला आलं होतं. गावानं ते पुन्हा बांधायचं ठरवलं आणि निस्तार हक्क आपलाच म्हणून जंगलातून सागाचं लाकूड आणलं. वन खात्यानं आक्षेप घेतला, लाकूड जप्त झालं. गावानं घोटुल पुन्हा उभं केलं, आणि मग आसपासच्या गावांनीही आपापली घोटुलं बांधायला घेतली. सत्याग्रह कशाला म्हणतात हे त्या पिढीनं लाकूड खांद्यावर घेऊन शिकलं.

जंगलाचे नियम हळूहळू बसत गेले. फळझाड तोडायचं नाही. घराला लागेल तेवढंच लाकूड, तेही ग्रामसभेला विचारून. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची सवय मोडायची, कारण ती आग मोहाच्या बुंध्याशी थांबत नाही. रानभर पळते आणि त्या वर्षी उगवलेली सगळी रोपं खाऊन टाकते. गस्त पाळीपाळीनं. मजुरीतला १० टक्के हिस्सा ग्रामकोषात. १९९०च्या दशकात महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन, म्हणजे वन खातं आणि गाव मिळून जंगल राखायची योजना आली तेव्हा ती उजाड झालेल्या जंगलांसाठी होती. मेंढ्याचं म्हणणं सरळ होतं: आमचं जंगल आम्ही राखलं म्हणून ते उजाड नाही, तर त्याची शिक्षा आम्हाला का? बरीच वर्षं भांडून त्यांनी उभं जंगलही त्या योजनेत घ्यायला लावलं.

आता बांबूकडे. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकात कागद कारखान्यांसाठी होणाऱ्या बांबूतोडीचा अभ्यास केला होता. तिथल्या काटेरी बांबूच्या बेटाच्या तळाशी काट्यांचा दाट गराडा असतो. तोड सोपी व्हावी म्हणून तो साफ केला जाई. बेट मोकळं, नीटनेटकं दिसे. पण पावसाळ्यात वर येणारे कोवळे कोंब त्या काट्यांमुळेच जनावरांपासून वाचत असत. गराडा गेला आणि कोंब गुराढोरांच्या, रानजनावरांच्या तोंडी लागले. बेटं विरळ झाली. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांना विचारलं कुणी नव्हतं. गाडगीळ पुढं लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांचा आग्रह धरत राहिले, त्याच्या मागे असले अनुभव आहेत. मेंढ्याशीही त्यांचा दीर्घ संबंध राहिला, आणि गावानं आपल्या जंगलातल्या झाडा-वेलींची, पशुपक्ष्यांची नोंद त्यांच्या सहकार्यानं केली.

२००६च्या डिसेंबरात संसदेनं वनहक्क कायदा केला. १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. बहुतेक ठिकाणी लोक अतिक्रमित शेताच्या पट्ट्यांमागे धावले. या कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क गावाला दिलेला आहे, हे कलम मेंढ्याच्या लोकांनी नीट वाचलं होतं. पुरावे गोळा करणं त्यांना जड गेलं नाही. वर्षानुवर्षांचे ठराव, नकाशे, नोंदी घरातच होत्या. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना हक्क मिळाले. सामूहिक वनहक्क मिळालेली ही देशातली पहिली गावं.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोजला जाई, म्हणजे इमारती लाकडाच्या रांगेत. वनहक्क कायदा मात्र त्याला स्पष्टपणे गौण वनोपज म्हणतो, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातला इतर माल, जो गावाला विकता येतो. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर बांबू हे गवत. या तीन व्याख्यांच्या मध्ये ट्रक अडला होता. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असं कळवलं, आणि पुढच्याच महिन्यात ते टीपी बुक घेऊन गावात आले.

पहिल्या हंगामात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. पैशाची बातमी सगळीकडे झाली. त्यापेक्षा मोलाची गोष्ट तोडीच्या नियमांची. त्याच वर्षीचा कोवळा बांबू तोडायचा नाही, जून झालेलाच काढायचा, बेटात पुढच्या वाढीला पुरेसे उभे ठेवायचे. ठेकेदाराचा मजूर नगावर पैसे घेतो, त्याला कडेचा सोपा बांबू हवा असतो. गावच्या माणसाला पुढच्या वर्षी त्याच बेटाशी यायचं असतं.

२०१३ मध्ये गावानं आणखी एक पाऊल टाकलं, आणि मला वाटतं ते टीपी बुकाहून मोठं आहे. सगळ्या कुटुंबांनी आपली खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. आधार होता १९६४चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा. विनोबांच्या भूदानाची सुरुवात १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत झाली. त्यातून पुढं ग्रामदान आलं, राज्याराज्यांत कायदे झाले, आणि हळूहळू सगळे ते विसरून गेले. मेंढ्याच्या अभ्यास गटानं तो कायदा पुन्हा काढून वाचला. ग्रामदानात ज्याची जमीन तोच कसतो, त्याची मुलं कसतात, मात्र ती बाहेरच्याला विकता येत नाही. थोडा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो. म्हणजे रान सामूहिक वनहक्कानं राखलेलं आणि शेत ग्रामदानानं. गावानं ठरवलं तरी सरकारी कार्यवाहीला पुढं वर्षं गेली. कायदा पन्नास वर्षं जुना, पण तो अमलात कसा आणायचा हे कचेऱ्यांना नव्यानं शिकावं लागत होतं.

मेंढ्यानं हे सगळं सुरू केलं तेव्हा गावपातळीवर हवामान बदल हा शब्द कुणी वापरत नव्हतं. आज त्याच कामाला हवामानाच्या भाषेत नाव देता येतं. वणवा न लागलेलं जंगल कार्बन धरून ठेवतं, पाला कुजून माती होते, माती पाणी धरते, उन्हाळ्यात ओढ्याला ओल राहते. २०२२च्या अहवालात आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनंही आदिवासींचे हक्क आणि ज्ञान मान्य करण्याला हवामान बदलाचे धोके कमी करण्यात महत्त्वाचं स्थान दिलं आहे. पण मला भीती वाटते ती याची, की उद्या कुणी केवळ कार्बनचा हिशेब घेऊन या गावांत येईल आणि मोह, मध, घोटुल हे सगळं त्याला बिनमहत्त्वाचं वाटेल. याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज खणलं जातंय. ज्या गावाला विचार करायला वेळ मिळतो तेच गाव 'नाही' म्हणू शकतं.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. सगळ्या मेंढ्यासारख्या नाहीत. कुठं ठेकेदारच ग्रामसभेच्या नावानं कारभार करतो, कुठं हक्काचा कागद पेटीत पडून आहे. जिथं अभ्यासाची सवय लागली तिथं मात्र लोक स्वतःची उत्तरं काढतात. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १००० हेक्टरवर हक्क मिळाले. तेंदूपत्त्यातून रोख पैसा येतो, पण चांगली पानं यावीत म्हणून फांद्या छाटाव्या लागतात आणि रानाला आग लावली जाते. पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. आता उन्हाळ्यात तिथल्या झाडांना टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं धरतात. माणसं ती खातात, काही विकतात, उरलेली रानाला राहतात.