सुटकेनंतरचे आरोग्यसंरक्षण (बेळगाव सीमाभाग)

सुटकेनंतरचे आरोग्यसंरक्षण : जामिनावर, निर्दोष ठरून किंवा शिक्षा भोगून कारागृहाबाहेर आलेल्या व्यक्तीचे औषधोपचार मध्येच तुटू नयेत यासाठीची वैद्यकीय, कागदोपत्री व कायदेशीर मदत. ही व्यवस्था कोणत्याही एका खात्याच्या ताब्यात नाही. कारागृह, सरकारी रुग्णालय, विधिसेवा प्राधिकरण, शिधापत्रिका कार्यालय आणि घरची माणसे यांच्याकडून ती तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागते. कैदी आत असेपर्यंत त्याच्या आजारपणाची जबाबदारी शासनाची असते. कारागृहातला डॉक्टर तपासतो आणि गरज पडल्यास पोलीस बंदोबस्तात सरकारी रुग्णालयात पाठवले जाते. सुटकेच्या दिवशी ती जबाबदारी संपते आणि दुसऱ्या कोणाची लगेच सुरू होत नाही. मधले हे आठ-पंधरा दिवस या नोंदीचा मुख्य विषय आहेत.

त्या दिवसांचा धोका मोजला गेला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयोगटातील इतर लोकांच्या तुलनेत १२.७ पट आढळले. त्यातले सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांची अतिमात्रा हे होते. तुरुंगातल्या सक्तीच्या वर्ज्यकाळात शरीराची सवय सुटते आणि बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात घेतलेला पदार्थ जीव घेतो. याच जाणिवेतून जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांपासूनच सरकारी आरोग्यविम्यातून काही सेवा देण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडचे व्यसन बहुधा दारूचे असते, पण सवय सुटण्याचे तत्त्व तेच. महिनोन्‌महिने न प्यायलेला माणूस सुटकेच्या रात्री मित्रांच्या आग्रहाला बळी पडतो, तेव्हा त्याचे शरीर पूर्वीसारखे राहिलेले नसते. घरच्यांना हे आधी कोणीतरी सांगायला हवे.

सीमाभागातील मुख्य कारागृह म्हणजे बेळगाव शहराला लागून असलेले हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह. ते ब्रिटिश काळातले. १९५० साली विनायक दामोदर सावरकरांना प्रतिबंधक स्थानबद्धतेत येथेच ठेवले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेल्यानंतरच्या सीमालढ्यामुळे येथल्या जुन्या मराठी पिढीला हिंडलगा म्हटले की सत्याग्रह आठवतो. आज त्या फाटकातून बाहेर पडणारे बहुतेक लोक खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा तालुक्यांतले शेतमजूर, चालक, गवंडी, विडी कामगारांच्या घरातले तरुण असतात. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. त्यामुळे मुलाकतीला येणाऱ्या आईचे किंवा बायकोचे तिकीट वाचते. सुटून घरी निघालेल्या पुरुषाला मात्र तिकीट काढावे लागते. ही बाब वरवर बारीक वाटते, पण खिशात पैसे नसलेल्या माणसासाठी सिव्हिलमध्ये पुन्हा दाखवायला येण्याचे भाडे हाही उपचाराचाच खर्च असतो.

उपचार तुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे सुटकेची तारीख आधी माहीत नसणे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन, ज्यांना बोलीत कच्चे कैदी म्हणतात ते, होते. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याची सुटका कधी हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते. त्याच्यासाठी चिठ्ठी, औषधे, पत्ता सारे तयार करता येते. कच्च्या कैद्याचा जामीन दुपारी मंजूर होतो, कागद संध्याकाळी पोचतो आणि माणूस रात्री रस्त्यावर येतो. त्या वेळी कारागृहाच्या दवाखान्यातला केसपेपर कपाटात असतो आणि गोळ्यांची पुडी बराकीतच राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि अन्य खटले प्रलंबित असण्यासारखे अपवाद सोडून, त्याला सोडण्याची तरतूद आहे. ही मुदत आधी मोजता येते. म्हणून अशा कैद्यांची यादी करतानाच त्यांचा औषधांचा कागदही तयार ठेवणे शक्य आहे आणि तो ठेवलाच पाहिजे.

आजारांनुसार तुटण्याचे परिणाम वेगळे असतात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते आणि माणूस स्वतःला बरा समजतो. नेमक्या याच टप्प्यावर सुटका झाली की गोळ्या थांबतात, आणि परत उलटलेला क्षय औषधांना दाद न देणारा असू शकतो. सुदैवाने क्षयरुग्णाचा ‘निक्षय’ (सरकारी क्षयनोंदणीचा) क्रमांक देशभर एकच असतो. तो क्रमांक पाठ असला किंवा चिठोऱ्यावर लिहिलेला असला, तर खानापुरातल्या वा चंदगडातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात उपचार तेथूनच पुढे सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ पासून पोषण आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून खाते चालू असावे लागते. एचआयव्हीचे औषध आयुष्यभराचे. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रातून, ते मोफत मिळते आणि एका केंद्राकडून दुसऱ्याकडे नाव वर्ग करता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करण्यास मनाई आहे. येथे एक अडचण फारशी बोलली जात नाही : जेलचा शिक्का असलेला कागद गावच्या दवाखान्यात पुढे करायला माणूस लाजतो आणि तो फाडून टाकतो. जिल्हा रुग्णालयाच्या नावाने दिलेली चिठ्ठी तो जपून ठेवतो. शिक्क्याचा हा फरक कोणत्याही महागड्या उपायापेक्षा जास्त उपयोगी आहे.

मानसिक आजारात खंड सर्वांत लवकर दिसतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत झोप उडते, संशय वाढतो, घरात भांडण होते आणि तो माणूस पुन्हा पोलीस ठाण्यात पोचू शकतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ मध्ये कैद्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, आणि कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची सोय करावी लागते. बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडला, १८४५ मध्ये वेड्यांचे इस्पितळ म्हणून सुरू झालेली मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. अंतर जमत नसेल तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. दारू व इतर व्यसनांसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आर्थिक संरक्षणाचा मुख्य आधार कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना. २०१८ मध्ये राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र करून ती उभी राहिली आणि सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत चालते. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. इतर कुटुंबांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, शासन देते. आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते. तेथे सोय नसेल तर तेथूनच खाजगी रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळते. आणीबाणीत चिठ्ठीची अट नाही. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी २००३ मध्ये सुरू झालेली ‘यशस्विनी’ योजना काही वर्षे बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. गावच्या सोसायटीत किंवा दूध संघात वडिलांचे खाते असेल तर सुटून आलेल्या मुलाचे नाव त्यात बसते का, हे नोंदणीच्या काळात विचारून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपला दावा असलेल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक शासनाने त्याला विरोध केला. निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर किंवा मिरज जवळ, खानापूरच्या रुग्णाला गोवा जवळ. आजारी माणूस सीमेच्या अलीकडे-पलीकडे असा विचार करत नाही, पण योजनेचे कार्ड करते. म्हणून पलीकडे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतकक्षातल्या कर्मचाऱ्याला) कार्ड दाखवून खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

या सगळ्या योजनांचे दार शिधापत्रिका आणि आधार यांनी उघडते. नेमके तेच सुटलेल्या माणसाजवळ अडकते. तो आत असताना कुटुंबाची ई-केवायसी झालेली असते आणि त्याचा अंगठा राहून गेलेला असतो. नाव वगळलेही गेलेले असू शकते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बराच काळ रिचार्ज न झाल्याने बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय कार्ड काढताना अंगठ्याच्या ठशासाठी केंद्रात खेटे घालावे लागतात. म्हणून घरच्यांनी आतल्या माणसाचे सिम चालू ठेवणे, मुलाकतीत त्याला जुना क्रमांक विचारून घेणे, आधारची मूळ प्रत जपणे या साध्या गोष्टी नंतरचा महिना वाचवतात. ‘आभा’ क्रमांक म्हणजे विमा असाही गैरसमज आढळतो. आभा ही आरोग्यनोंदींची ओळख आहे, उपचाराचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

भाषा हा सीमाभागातला वेगळा पदर. कार्यालयीन अर्ज कन्नडमध्ये असतो, औषधांची नावे इंग्रजीत आणि बोलणे मराठीत. मराठी शाळेत शिकलेल्या आईला मुलाचा डिस्चार्ज कागद वाचता येत नाही, म्हणून सकाळची गोळी रात्री दिली जाते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे, तेव्हा अर्ज मराठीत लिहिण्यास हरकत नाही. गोळीचे नाव, वेळ आणि थांबवू नये ही सूचना मराठीत लिहून घेणे, हे त्याहून तातडीचे काम. ते आशाताई, परिचारिका किंवा विधिसेवेचा स्वयंसेवक पाच मिनिटांत करू शकतो.

कायद्याचा पाया भक्कम आहे. १९९६ मध्ये बंगळूरच्या कारागृहातील एका कैद्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात तुरुंगांच्या नऊ प्रमुख समस्या सांगितल्या, त्यांत आरोग्य व स्वच्छतेकडील दुर्लक्ष ही एक होती. कैद्यांना कसे वागवावे याच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतील नियम २४ तुरुंगातील वैद्यकीय सेवा सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी जोडलेली असावी आणि उपचार अखंड राहावेत असे सांगतो, तर नियम १०८ सुटलेल्यांना ओळखीची कागदपत्रे, राहण्याची व कामाची सोय मिळावी यावर भर देतो. कोठडीतील व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या विधिसेवा कायद्याने दिला असून १५१०० या क्रमांकावर संपर्क साधता येतो. दंडाची रक्कम किंवा जामिनाची हमी भरता न आल्याने अडकलेल्या गरिबांसाठी केंद्राची २०२३ ची साहाय्य योजना आहे; सुरुवातीला तिच्यात कच्च्या कैद्याला ४० हजार आणि पक्क्याला २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरले होते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक कागद महत्त्वाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईसोबत कारागृहात राहू शकते. आई सुटते तेव्हा त्याच्या लसीकरणाचे कार्ड आईच्या हाती द्यावे आणि पुढच्या लसीची तारीख गावच्या अंगणवाडीत किंवा आशाताईकडे नोंदवून घ्यावी. आईचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवरून निघाले असेल तर माहेरच्या पत्रिकेत तिचे आणि मुलाचे नाव एकाच अर्जात घालून घ्यावे, म्हणजे कार्ड दोघांचे एकदम निघते.