गायकी अंग

गायकी अंग : हिंदुस्थानी संगीतात वाद्यावर कंठसंगीताच्या, मुख्यतः ख्यालाच्या, उच्चारपद्धतीने वाजविण्याची शैली. तंतकारी अंगात, म्हणजे तंतुवाद्याच्या स्वतःच्या शैलीत, दा, रा, दिर या आघातांच्या बोलांचा छंद वादनाला आकार देतो. गायकी अंगात ते काम बंदिशीची अक्षरे व गायकाचा श्वास करतात.

उगमाबाबत एकमत नाही. श्रेय सामान्यतः इमदादखानी घराण्याचे सतारवादक विलायत खाँ (१९२८–२००४) यांना देतात. वडील इनायत खाँ १९३८ मध्ये निवर्तल्यावर त्यांना आजोळच्या गायकांची तालीम मिळाली, हे त्याचे कारण मानले जाते. दुसऱ्या मतानुसार शैली पुष्कळ जुनी आहे : वाद्य गीतानुवर्ती असते असे तेराव्या शतकातील संगीतरत्नाकर सांगतो, बीनेचा (रुद्रवीणेचा) आलाप धृपदाला धरून चाले आणि सारंगिये तर गायकाच्या मागोमाग जातच आले. तत्त्व जुने खरे. परंतु ख्यालाची बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) सतारीवर आणताना वाद्यच बदलावे लागले. खर्जाच्या तारा काढून गांधार-पंचमाची जुळणी आली, जवारी (स्वराचा झणकार ठरवणारी घोडीच्या पृष्ठाची घडण) ‘बंद’, म्हणजे कमी झणकाराची, झाली. हा बदल बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या फार मागे नेता येत नाही.

वादक बंदिश आधी गाऊन पाठ करतो. नखीचा आघात अक्षराच्या आरंभी येतो. पुढचा स्वरविस्तार तार ओढून, त्याच आघाताच्या आसेवर (आघातानंतर टिकणाऱ्या नादावर) होतो. ‘सजनी’ या शब्दाला तीन आघात पुरतात, ‘नी’ कितीही स्वरांतून फिरली तरी. एका पडद्यावरून पाच स्वरांपर्यंत मींड (एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाणे) घेतात. ती उशिरा सुरू झाली तर वरचा स्वर ऐकू येण्याआधीच आस संपते. तेथे जादा आघात दिल्यास अक्षर तुटते. नवी तार आधी ओढून बसवावी लागते, नाहीतर दोन-चार लांब मींडींतच ती उतरते. जवारी फार खुली असेल तर झणकार मींडीच्या वळणांवर पसरतो.

व्हायोलिनवर गजाचा पालट शब्दांच्या सांध्यावर घेतात; अक्षराच्या मध्यावर गज उलटणे हा नवशिक्याचा नेहमीचा दोष. प्रत्येक स्वर घसरत गाठणे हा दुसरा. त्यालाच काहीजण गायकी समजतात. गजाननराव जोशी (हे स्वतः गायकही होते) आणि डी. के. दातार यांचे वादन या अंगाने ओळखले जाते. पेटीवर मींड निघत नाही. तेथे कणस्वर (मुख्य स्वराला निसटता लागणारा शेजारचा स्वर), भात्याचा दाब आणि पट्टी सोडण्याची वेळ यांवर भागवावे लागते. गोविंदराव पटवर्धन नाट्यपदे अशी वाजवीत.