लूथरचं सफरचंदाचं झाड

‘उद्या जगाचा अंत होणार असं कळलं, तरी मी आज सफरचंदाचं रोप लावीन’, हे वाक्य सोळाव्या शतकातला जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या नावानं चर्चमधल्या असंख्य उपदेशांत ऐकू येतं. पाळकपदाची तयारी करणारे सेमिनरीतले विद्यार्थीही ते आपल्या पहिल्या उपदेशात हौसेनं घालतात. पण लूथरनं हे म्हटल्याचा काहीही पुरावा नाही.

लूथर वारला 1546 साली. त्याच्या समग्र लिखाणाची, वायमार नावानं ओळखली जाणारी आवृत्ती 1883पासून निघू लागली आणि तिचे शंभरावर खंड झाले. त्यांत हे वाक्य सापडत नाही. ते लेखी आढळतं थेट 1944मध्ये, जर्मनीतल्या हेसेन भागातल्या एका चर्चच्या परिपत्रकात. महायुद्ध ऐन भरात होतं. खचलेल्या माणसांना असा धीर हवाच होता, म्हणून ते पसरलं असावं.

खरा लूथर तर जगाच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहत होता. 1540मध्ये बायकोला, काटरीनाला, लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो म्हणतो, ‘ये, प्रिय शेवटच्या दिवसा. आमेन.’ मला विचाराल तर उपदेशात हेच सांगावं. आणि झाडाचं वाक्य फारच आवडत असेल, तर त्याखालचं लूथरचं नाव तेवढं काढावं.